आधी तू

फॅल्मथ, मंगळवार

प्रिय कथबर्ट,

मी इथे ठणठणीत आहे. तू वेळेवर जेवतोस ना? गॅस बंद आहे का, एकदा उठून बघ.

लव्हडेताईच्या नवऱ्याला, डेन्झिलला, काल वृद्धाश्रमात हलवलं. समुद्र दिसणारी आपली खोली सोडायची नाही, असं तो जन्मभर सांगत आला.

"अहो डॉक्टर, पंचेचाळीस वर्षं संसार केलाय मी याच्याबरोबर!" ताई म्हणाली.

"ते खरं हो, पण त्यांच्या वतीने ठरवायचा कागद आहे का?"

कागद होता. भान गेलं तर बायकोने ठरवावं, असं मुखत्यारपत्र त्यांनी मार्चमध्येच भरलं होतं. पेन पुढे करून डेन्झिल म्हणाला, "आधी तू." दारात बायकांना आधी जाऊ द्यायची तुम्हा पुरुषांची ती सभ्यता! ताईने आधी सही केली. पण ज्याचं मुखत्यारपत्र, त्याची सही पहिली लागते. नोंदणी कचेरीतून फॉर्म परत आला, तोवर त्याला पक्षाघात होऊन गेला होता. आता तो पेन धरतो, पण कशावर सही करतोय ते त्याला उमगत नाही. मग ती चालत नाही.

सोबत तुझा फॉर्म पाठवतेय. उद्याच शेजारच्या विनिफ्रेडला साक्षीला बोलाव. आयुष्यभर मला पुढे घातलंस, या वेळी आधी तू.

घाबरण्यासारखं काही नाही.

तुझ्याकडे डोळे लावून बसलेली,
हेस्टर

ता. क. तारीख मात्र कॅलेंडर बघून घाल. तुझ्या परवाच्या पत्रावर आपल्या लग्नाचं साल होतं.