सातव्या हार्मोनिकची रेघ

१७ नोव्हेंबर

…आणि म्हणूनच मी हट्टाने अजून दहा शॉट मारले. आला! सातवा हार्मोनिक! अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लेझरचा इवलासा ठोका, आणि परत येणाऱ्या प्रकाशात सातपट कंपनांची रेघ. डोळ्यांना दिसत नाही, पण स्क्रीनवर काय सुंदर दिसते! माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी, केलेमेन सरांनी, लगेच पेपर लिहायला घेतला. माझ्या शेजारच्या टेबलवरची बोग्लार्का म्हणाली, आता या सेगेड शहरातले मासेवालेसुद्धा तुला ओळखतील.

२० नोव्हेंबर

एक तपासणी राहिली होती. लेझरचं पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशाच्या कंपनांची दिशा, फिरवलं की खरा हार्मोनिक विझतो. आज एकटीने करून पाहिलं.

विझला नाही.

दर शॉटला पत्रा कोऱ्या जागी सरकवणारी मोटर अडकली होती. सगळे शॉट एकाच खड्ड्यात! ती रेघ म्हणजे तिथल्या तापलेल्या वाफेची चमक. मोटर बघणं माझं काम होतं — आणि मी आनंदाने नाचत होते.

२३ नोव्हेंबर

सरांचा नामदिवस; इथे कॅलेंडरात प्रत्येक नावाचा एक दिवस असतो, वाढदिवसासारखा. ज्याचा नामदिवस, त्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचं. त्यांच्या बायकोने चीज घालून पोगाचा, इथले छोटे खारे पाव, भाजून पाठवल्या होत्या, गरमागरम. आज सांगायचंच, असं ठरवून गेले. बघते तर माझा आलेख भिंतीएवढा छापलेला! सर पालिंकाचा, फळांच्या कडक दारूचा, ग्लास उचलून म्हणाले, "तीस वर्षं वाट बघितली. निवृत्तीआधी या पोरीने दाखवलं बघा."

मी हसले. पोगाचा तशीच रुमालात गुंडाळून खिशात टाकली.

२४ नोव्हेंबर

बोग्लार्काला सांगितलं. तिने आधी दार लावलं.

"वेडी आहेस का? जानेवारीत तुझा इथे राहायचा परवाना संपतोय. पेपर नाही तर डिग्री नाही. आणि म्हाताऱ्याला काय तोंड दाखवणार?"

मग माझ्यासाठी कॉफी घेऊन आली. तेच जास्त वाईट वाटलं.

२५ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

२७ नोव्हेंबर

सरांचा मेल. पेपर तयार आहे, वाच आणि सही कर. लेखक म्हणून फक्त माझं नाव! स्वतःचं त्यांनी काढून टाकलंय — "सगळं श्रेय तुझंच."

डोळे भरून आले. आता तरी खरं सांगायचं, म्हणून पुराव्यासाठी लेझरच्या संगणकातल्या नोंदी उघडल्या. माझ्या तपासणीच्या वर अजून एक होती. शनिवार, १८ तारीख. सरांचं लॉगिन. पोलरायझेशन फिरवलेलं. रेघ तशीच.

माझ्याआधी दोन दिवस त्यांना माहीत होतं.

डायरी, तूच सांग, आता मी हे कुणाला सांगायचं?