ज्यांना ऐकू येतं त्यांचं प्रशिक्षण

सुरत, १२ ऑगस्ट १९९६

तीर्थरूप सुरेशदादांस,

विजयाचा इथूनच जळगावच्या दिशेने वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचं पित्त आटोक्यात असेल अशी आशा करते. सुरतेतला एखादा मोठा कानाचा डॉक्टर तुमच्या अनुजाला बरं करील का, म्हणजे लग्नाचं बघता येईल, असं तुम्ही विचारलंत. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी माझं रडगाणं ऐका.

प्लेग येऊन गेल्यापासून आमच्या इस्पितळात प्रशिक्षणांची साथ आली आहे. (प्लेग परवडला, त्याला निदान औषध होतं.) यंदा 'बहिऱ्या रुग्णांशी कसे वागावे' हे माझ्या गळ्यात पडलं, कारण नर्सिंगच्या मुलींना शिकवून शिकवून मला नाही म्हणायचंही त्राण उरलेलं नाही. निमित्त असं की पांडेसऱ्याची एक बाई पोटदुखीने तीन दिवस ओपीडीत बसून होती आणि आम्ही तीन दिवस तिचं नाव घसा फोडून पुकारत होतो. चौथ्या दिवशी ती बाकावरून कोसळली. (वाचली, पण ते तिचं नशीब.) तिच्या केसपेपरवर तिन्ही दिवस लिहिलेलं होतं, 'रुग्ण गैरहजर'.

म्हणून शिकवायला नवागामहून योगेंद्रला बोलावलं. जन्मापासून बहिरा, कापडाच्या लूमवर कामाला. दुभाष्या म्हणून त्याचा जोडीदार चिंधा. (लूमच्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नाही, त्यामुळे तिथे सगळेच हातांनी बोलतात आणि योगेंद्र सगळ्यांचा मास्तर.) आम्ही काय केलं? रीतीप्रमाणे शाल, श्रीफळ आणि बहिऱ्यांच्या व्यथेवर आमच्या अधीक्षक साहेबांचं पाऊण तास भाषण. चिंधाला बसवलं सर्वांत मागे. योगेंद्र बिचारा मांडीवर नारळ घेऊन साहेबांच्या मिशा बघत राहिला.

त्याची पाळी आली तेव्हा डॉक्टर मंडळी गप्पांत रंगली होती. त्याने शांतपणे दिव्याचं बटण चार वेळा खाली-वर केलं. बहिऱ्या लोकांत 'इकडे लक्ष द्या' म्हणायची ही रीतच आहे. त्याचा पहिला धडा सुरू झाला होता आणि साहेबांनी वायरमन बोलावला! तो शिडी लावून अर्धा तास बटण खोलत बसला. पुढे प्रश्न विचारताना प्रत्येक डॉक्टर बघणार चिंधाकडे: "याला त्रास काय होतो?" शेवटी चिंधा करवादला, "माले काय पुसतस? त्यानाकडे दखा, त्याले पुसा ना!"

अभिप्रायात सगळ्यांनी 'उत्तम' लिहिलं. दुसऱ्या दिवशी ओपीडीत गेले, तर आमची सिस्टर आणखी मोठ्या आवाजात नावं पुकारत होती. दादा, मी तिथेच बाकावर बसले. उठावंसंच वाटेना.

तुमची दमलेली धाकटी बहीण,
विजया

ता. क. सुतरफेणी पाठवते आहे. वहिनींना पित्त असेल तर तुम्ही खा.

ता. क. दुसरा. डॉक्टरचं राहिलंच. मी कुणाला विचारलंच नाही. चहा घेताना योगेंद्रला मात्र चिंधाकरवी सांगितलं, की माझी बावीस वर्षांची भाची अशीच आहे. त्याने विचारलं, "ती काय म्हणते?" मी तर तिला कधी बोलूच दिलं नव्हतं. चारचौघांत ती हात हलवायची तेव्हा ते दाबून धरणारी मीच होते, आणि तुम्ही सगळे मला शहाणी म्हणायचात. त्याची लाज वाटते. नवागामला दर रविवारी दहा-बारा बहिरी माणसं जमतात, मुलीही असतात. अनुजाला माझ्याकडे राहायला पाठवा, औषधासाठी नाही. पण तिला विचारून पाठवा. कसं विचारायचं ते आपल्या घरात कुणालाच येत नाही, हे मला ठाऊक आहे.