डोकं तपासायला गेलो त्याची हकिगत

तळेगाव ढमढेरे

तीर्थस्वरूप हरिबा आप्पा यांस, धाकट्या भावाचा, म्हस्कूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तिकडं पाटसला ऊस, म्हैस आन् तुमचे गुडघे कसे हायेत? इकडं मी सोडून सगळी बरी. (मीबी बराच हाय, पण तसं म्हटलं की आमची सोनम डोळे वटारती.) फोनवर एवढं बोलवत न्हाई, म्हणून लिहितो.

मेंढरं विकल्यापासून माझं जेवणात ध्यान न्हाई, मळ्याकडं पाय वळत न्हाई, हे पोरीनं हेरलं. "बाबा, डोकं तपासून घेऊ," म्हणाली. मला वाटलं, मशिनीत घालून फोटो काढत्याल. म्हणून चांगलं चोपून तेल लावलं आन् शिरूरला गेलो. तर तिथं मशीन न्हाई, सुई न्हाई. एक डॉक्टरीणबाई आन् खुर्च्या. बाईंनी डोक्याला हातसुद्धा लावला न्हाई, नुसतं विचारत बसल्या. झोप लागती का, भूक लागती का, दारू घेता का, घराण्यात कुणाला असा त्रास होता का. (मला वाटलं, सोनमला स्थळ आणलंय.) मग म्हणाल्या, "कुणी नसताना आवाज ऐकू येतात का?" म्या म्हटलं, "व्हय, मेंढरांचे." बाई सरसावून बसल्या. सोनम घाईनं म्हणाली, "मॅडम, ती शेजारच्या इंद्रजीतकाकांची मेंढरं हायेत. मलाबी ऐकू येत्यात!"

मग बाईंनी हळूच विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का? जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं?" आप्पा, असं कुणी तोंडावर विचारतं व्हय? मी "न्हाई" म्हणायला तोंड उघडलं आन् रडूच फुटलं. "येतं कवा कवा," म्हटलं. सोनमकडं बघवेना. बाई दचकल्या न्हाईत, रागावल्याबी न्हाईत. म्हणाल्या, "सांगितलंत, बरं केलंत." येड न्हाई म्हणं, उदासीचा आजार हाय, गोळ्यांनी आन् बोलण्यानं उतरतो. सोनमला म्हणाल्या, सध्या बाबांना एकटं ठेवू नका. मी आजारी ठरलो का बरा, ते मला अजून उमगलं न्हाई. पण घरी येऊन भाकरी मागून खाल्ली.

तुमचा,
म्हस्कू

ता. क. पुढल्या मंगळवारी परत बोलावलंय. सोनमला कारेगावच्या कंपनीतनं सुट्टी न्हाई, तवा सोबतीला तुम्ही या.

आणखी ता. क. खरं सांगतो, सुट्टी मिळालीय तिला. वहिनी गेल्यापासून तुम्ही कुणाशी बोलत न्हाई, ताट तसंच सारता, असं तुमची शितल सूनबाई रडत सांगत होती. माझ्यामागं तुमचाबी नंबर लावलाय. रागवायचं असलं तर शिरूरला येऊन रागवा.