कच्ची केळी आणि बारा सदस्य

सोम. ८ जाने.
अन्न परिषदेची सातवी बैठक. शहरानं धड खावं, जवळचं खावं, म्हणून ही परिषद. सचिव मी. निवृत्त शिक्षिकेला बिनपगारी कामं सगळे देतात. एकदाचा ठराव झाला: पिंप्राळ्याच्या शाळेत बिस्किटपुड्याऐवजी यावलची केळी, एक महिना. नाही जमलं तर पुन्हा बिस्किटं. अध्यक्ष नाना बागायतदार, माल तेच देणार. गुडघे दुखतायत.

गुरु. ११
गाडी आली. सगळी केळी हिरवीगार! नानांनी जन्मभर कच्चा माल कापून ट्रकात भरला, पिकवायचं काम परमुलखातल्या व्यापाऱ्याचं. पण आम्ही बाराजण केळीच्या मुलखातले, एकालाही सुचू नये? मुलांनी केळ्यांच्या बंदुका केल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, बिस्किटंच बरी होती." लाज वाटली.

शुक्र. १२
शाळेच्या स्वयंपाकीण सुमनअक्का, माहेर नरडाण्याचं, बोलणं अजून अहिराणी. निम्म्या केळ्यांची भाजी करून मोकळ्या. उरलेली पोत्यांत गुंडाळून तांदळाच्या कोठीत.
"अक्का, आधी का नाही सांगितलंत?"
"माले कोनी इचारं? तुमना मिटिंगमा बठ्ठा शेतस, रांधणारी कोठे शे?"
सात बैठकांना सगळे होते, रांधणारी एकही नाही. आणि मीच नावं लिहीत होते.

बुध. १७
पिकली. थंडीमुळे वेळ लागला. मुलं एक संपवून दुसरं केळं मागत होती. बरं वाटलं, पण खरंच दमलेय.

सोम. २२
अक्कांना सदस्य करा म्हटलं. नाना लगेच हो. परिषदेतली साहेब मंडळी म्हणाली, घ्या की, पण बैठक सकाळी अकरालाच. अक्कांना सांगितलं.
"मी मिटिंगमा बसनी ते पोरेसनी खिचडी कोन करी?"
बरोबरच आहे. चिडून घरी आले, जेवलेच नाही.

मंगळ. ६ फेब्रु.
कोणाला न विचारता नोटीस काढली: शुक्रवारी दुपारी तीन, शाळेचं स्वयंपाकघर. विषय: केळी की बिस्किटं. आत्तापर्यंत होकार एकच, नानांचा. दोघांनी 'बघतो' म्हटलं, म्हणजे...

शुक्र. ९, दुपारी अडीच
महिना संपत आला. आज ठरेल. अक्कांनी फरशी धुतली, पोती झटकून अंथरली. ठेवणीतलं लुगडं. नाना येऊन बसलेत, घड्याळ बघतायत. बाकी कोणी दिसत नाही. अक्का पातेलं घेऊन विचारतायत, किती जणांचा चहा ठेवू?
तुमच्यासकट तेरा, म्हटलं.