जानेवारीतली झारी

३ जानेवारी
उणे सतरा. बाजारातून गाडीने येताना बर्फ काढणाऱ्या ट्रकने भोंग्यावर भोंगा! म्हणे मी त्याच्या बाजूने येत होतो. असेन. रस्ता पांढराफटक, मधली रेघ कोणाला दिसते? इर्या शेजारी दाराची कडी धरून बसली होती. घरापर्यंत एक शब्द नाही. बायको गप्प झाली की मला भीती वाटते.

नाताळातही तसंच. चर्चच्या फाट्याला डावीकडे वळायचं, मी उजवीकडे वळलो. याच रस्त्याने एकतीस वर्षं दुधाचा टँकर नेला! इर्या म्हणाली, "रेइनो, हा रस्ता कुठे जातो?" मी म्हटलं, पाट्या बर्फाने झाकल्यात. झाकल्या नव्हत्या. हे फक्त इथे लिहितो.

५ जानेवारी
गाडीचं दार उघडेना. किल्ली अर्धीच आत जाते. लायटरने तापवली — बोट भाजलं, कुलूप ढिम्म. बर्फ वितळवायचा फवारा कुठे? गाडीत, पुढच्या खणात! शेजारचा ताइस्तो कुंपणाला टेकून हसतोय. "अरे दूधवाल्या, औषध आत आणि रोगी बाहेर!"

६ जानेवारी
पुन्हा.

८ जानेवारी, गुरुवार
काल दारांच्या रबराला ग्लिसरीन चोळलं, कुलपात नवा फवारा मारला. सकाळी परत दगड. डिकीचंही तेच. दार उघडेपर्यंत अकरा वाजले. गुरुवारी मी इर्याला तिच्या बहिणीकडे, हिल्याकडे, वृद्धाश्रमात नेतो. तिथे भेटायची वेळ अकरापर्यंतच. "राहू दे, फोन करते," म्हणाली. भांडली नाही! माझी इर्या!

१५ जानेवारी
आज डॉक्टरकडे जायचं होतं. परवान्याची मुदत फेब्रुवारीत संपते, दाखला नसला तर गाडी कायमची बंद. आणि कुलूप गोठलेलं! ताइस्तो म्हणाला, "चल, मी सोडतो." गाडी चालवता येते हे सांगायला दुसऱ्याच्या गाडीतून जाऊ? नाही म्हटलं. आता नवी वेळ बारा फेब्रुवारीची, त्यापुढची तारीख नाही. ताइस्तो सांगतो, डॉक्टर भला आहे, दोन प्रश्न विचारतो आणि सही करतो. मग काळजी कसली.

२७ जानेवारी
कुलपातून बर्फाचा खडा निघाला. काचेसारखा स्वच्छ. हवेतल्या ओलीने गोठतं तेव्हा पांढरा भुसा निघतो, एवढं मला कळतं. हे ओतलेलं पाणी आहे.

पडवीत फुलझाडांची झारी दिसली. तोटीत बर्फ. जिरॅनियमच्या कुंड्या सप्टेंबरपासून तळघरात आहेत, मार्चपर्यंत त्यांना थेंबही द्यायचा नसतो. मग जानेवारीत झारी कशाला? इर्या माझ्याआधी तासभर उठते, चूल पेटवायला. मी समजत होतो चूलच पेटवते.

दुपारभर लाकडं फोडली. राग! एकतीस वर्षांत टँकरला ओरखडा नाही, आणि माझीच बायको माझ्या कुलपात पाणी ओतते! तिने तोंडावर बोलायचं होतं. बोलली असती तर मी खेकसलो असतो. खेकसलोच असतो.

२९ जानेवारी, गुरुवार
इर्या फोनवर हिल्याला सांगत होती, "रस्ते फार खराब आहेत गं. हो, रेइनो ठणठणीत." रस्ते स्वच्छ आहेत. हा चौथा गुरुवार. फोन ठेवून तिने बोटांच्या भेगांना मलम लावलं. उणे पंचविसात ओल्या हातांना भेगा पडणारच. मला वाटलं होतं शिक्षा मला एकट्यालाच आहे.

४ फेब्रुवारी
कुलूप बंद. मी रोजच्यासारख्या शिव्या घातल्या. इर्याने रोजच्यासारख्या ऐकल्या.

१० फेब्रुवारी
परवा डॉक्टर. ते काही नाही, मी जाणार! तिच्या झारीला माझा फवारा. पहाटे तिच्याही आधी उठेन. परवाना गेला तर राहिलं काय? ताइस्तोच्या मागच्या सीटवर बसायचं आणि मासळी पकडायला जायलासुद्धा त्याला विनवणी करायची? शक्य नाही.

११ फेब्रुवारी
इर्याला ताप, एकोणचाळीस. पांघरुणातून विचारते, "बाहेर किती?" म्हटलं, उणे एकवीस. उठायला बघत होती. मी झोपवलं. तिला वाटलं, मला काही माहीत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
किल्ली सरळ आत गेली. इंजिन लागलं. फाटकाशी आलो. डॉक्टर डावीकडे की उजवीकडे? बराच वेळ थांबलो. आठवेना. गाडी मागे घेतली. पडवीतून झारी भरून आणली. दोन्ही दारं, मग डिकी.

दहाला इर्या उठून बसली. "तू गेला नाहीस?"

म्हटलं, "कुलूप गोठलंय."

"आज?"

"आजही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ओल्या हातमोज्यांकडे. म्हणाली, "ते चुलीजवळ वाळत टाक."