बाबांसाठी जपानी सिनेमांची यादी

१४ नोव्हेंबर २०१३, गुरुवार संध्याकाळ

मागच्या आठवड्यात बाबा म्हणाले, जपानी कार्टून सिनेमे सुचव, तेव्हाच मला ओळखायला हवं होतं. ताई कर्वेनगरला जपानीच्या क्लासला जायची, तेव्हा तिचे हेच सिनेमे ते मधेच बंद करायचे. ती ओसाकाला नोकरीला गेली त्याला दोन वर्षं झाली. दोघं फोनवरसुद्धा बोलत नाहीत.

तरी मी मन लावून यादी केली. आधी साधा, रेल्वे फाटकाजवळ राहणाऱ्या मुलीचा. मग युद्धाचा. लांबलचक मालिका शेवटी, नाहीतर बाबा झोपतील.

गाडी पहिल्याच सिनेमावर अडली. ती मुलगी शाळेतून येते, दारात बूट काढते आणि काहीतरी ओरडते. बाबा तेवढंच मागे नेऊन बघतात. परवा विचारलं, "काय म्हणते गं ती?"

"मी आले, म्हणते. घरी आलं की तिथे सगळेच म्हणतात."

"रोज?"

"रोज."

काल पुन्हा तेच दार, तेच बूट.

आज मी हिंजवडीहून आले आणि दारात चपला काढता काढता त्या मुलीसारखीच जपानीत ओरडले. गंमत म्हणून. की माझ्यासाठीही कुणी... जाऊ दे. आम्हा दोघी बहिणींचा आवाज सारखा आहे, हे ध्यानातच आलं नाही.

बाबा आतून जवळजवळ धावत आले. मला पाहून थांबले.

"अगं, तू होय," म्हणाले आणि आत गेले.