मंदाच्या चौकड्यांचा नकाशा

सुलतानपूर, सोमवार, १२ डिसेंबर १९८८

दिराची पोरगी मंदा बुलढाण्याले कॉम्प्युटर शिकते. आज तिनं आमच्या घरी बसून चौकडीच्या कागदावर आमचं सामाईक वावर काढलं. प्रत्येक घरात आकडा. एक म्हणजे कापसाची पऱ्हाटी, दोन म्हणजे विहीर. मले तवाच खटकलं. आठ दिवसांवर वाटणी आन् आता हा नकाशा काऊन?

"तुह्या बापानं सांगितलं काय?"

"नाही हो मोठी माय, कॉम्प्युटरवरचा खेळ हाय. त्यातला माणूस चालते तसा नकाशा मागं सरकते." तिनं पुठ्ठ्याले खिडकी कापून कागदावर सरकवून दाखवली. खिडकीत येते तेवढंच पडद्यावर दिसते म्हणे.

पण विहिरी सात! आमची त एकच, तिच्यावरच दिराचा डोळा. मंदा म्हणते, विहिरीचं एकच चित्र पाहिजे तितक्या जागी ठेवता येते. अशी सोय असती त भांडण कायचं?

मी धुरा शोधला, वाटणीचा बांध. तो कुठंच नाही.

"धुरा टाकला त माणूस अडकते," हासली पोरगी.

ती चहा ठेवाले गेली तवा मी पुठ्ठा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवला. सातही विहिरी खिडकीतून गेल्या, कुठंच अडला नाही. चांगलं वाटलं, खोटं काऊन लिहू?

तरी कागद माह्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. वाटणी होईपर्यंत तिथंच राहील.